शिवेपलीकडची बारी

२८ जून, शनिवार

आज घरात आले ते असे. गोठ्यासाठी ताडपत्री एक, ६८० रुपये. फुलवाती दोन पुडे, ४० रुपये. तुरीची डाळ भाव ऐकून अर्धा किलोच आणली. आणि मागच्या खोलीत गिरजाबाई आल्या. त्यांचे सामान: लोखंडी पेटी एक, गादी एक, कुकर एक, रेडिओ एक, पुस्तकांचे खोके चार, बीपी पाहायचे यंत्र एक. निकेशच्या गाडीचे भाडे त्यांनीच दिले. देवाचा फोटो एकही नाही. मी दोनदा पाहिले.

गिरजाबाई नर्स होत्या. आमच्याच गावच्या उपकेंद्रात त्या नऊ वर्षं होत्या. मी लग्न होऊन इथे आले त्याच्या आधीच त्यांची अहेरीकडे बदली झाली आणि तिकडेच रिटायर झाल्या. माणूस वारलेला, मूलबाळ नाही. म्हणाल्या, “जिथी पोरं काढली तिथीच राहते आता.” निकेश पेटी उतरवत होता, त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, “तुले पायाकडून काढलं होतं मी. तेव्हाही बाहेर यायचा आळसच होता तुले.” तिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप, पण कानापर्यंत लाल झाला.

खोली आमच्या देवघराला लागून आहे, मधे एकच भिंत. मी विचारले, “बाई, देव कुठी मांडता?”

“माझे देव नाई, चंदाबाई. मी मानत नाई. आधीच सांगून ठेवते, मागून तुम्हाले वाटायला नको का फसवलं.”

मग मी म्हटले, खोलीत मांसमच्छी करायची नाही. म्हणाल्या, “बरं.” मी म्हटले, पहाटे माझी घंटी वाजते. म्हणाल्या, “मी त्याच्या आधी उठते.”

आमचे हे, म्हणजे धनराज, जेवताना म्हणाले, “तिचा देव नाई तर नाई. तुझे तेहतीस कोटी आहेत, त्यातला एखादा दे तिले वापरायला.” मला हसू आले. पण संध्याकाळी एक माळ जास्त ओढली.

३ जुलै

काल प्रसादाचा शिरा नेऊन दिला. मला वाटले नको म्हणतील. बोटाने वाटी पुसून खाल्ला. मी म्हटले, “प्रसाद आहे, माहीत आहे ना?” तर म्हणाल्या, “माहीत आहे. रवा चांगला भाजला तुम्ही.”

माझ्या आरतीच्या वेळी त्यांचा रेडिओ बंद असतो. सेल वाचवत असतील. बाई काटकसरी आहे, हे बरे आहे.

१० जुलै, गुरुवार

आज भजन आमच्याकडे होते. महिला भजन मंडळाच्या नीलाबाई पुढे बसतात, त्यांचा शब्द गावात चालतो. गिरजाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. नीलाबाईंनी तिथूनच हाक मारली, “या ना सिस्टर, टाळ धरा. हात नाई झिजत.”

“हात नाई झिजत. पण मनात नसताना धरलेला टाळ तुम्हालेच बेसूर लागंल.”

“बोला, बोला. आंग चालते तवरक बोलते माणूस. खाटेवर पडलं का सगळेच येतात देवाकडे.”

“आली तर सांगून येईन, नीलाबाई. लपून नाई येणार.”

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. नीलाबाई जाताना मला उंबऱ्याशी म्हणाल्या, “वं चंदा, देवाले शेजार चांगला पाहून दिला तू.”

खरे लिहायचे तर मला राग आला. पण बाईंचे उत्तर मी मनात तीनदा घोळवले, आणि तिन्ही वेळा ते मला खोटे वाटले नाही. याची देवाजवळ माफी मागितली.

१९ जुलै

धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, जोरात आहे. गिरजाबाई रोज सकाळी शेताच्या बांधीबांधीवर जाऊन रोवणाऱ्या बायांना सांगतात: साप चावला तर बांधू नका, कापू नका, चिंचेखाली नेऊ नका, गाडीत टाका आणि गडचिरोली गाठा.

चिंच म्हणजे पोचूभाऊची जागा. साप चावलेल्याला तिथे बाजेवर टाकतात, पोचूभाऊ बारी म्हणतो आणि दहापाच जण मागून झील धरतात, म्हणजे शेवटची ओळ सगळे मिळून उचलतात. त्याचा बापही म्हणायचा. नागदेवाला गाण्यातून विनवून विष उतरवायचे, अशी ती विद्या आहे. तो त्याचे काही घेत नाही, त्या घरचे पाणीसुद्धा पीत नाही. घेतले तर विद्या जाते.

आज पोचूभाऊ अंगणात आला. चप्पल बाहेर काढून उभा राहिला.

“नर्सबाई, मी तुमच्या दवाखान्यात येऊन बोललो का कधी? मग तुम्ही माह्या झाडाखालचं काऊन बोलून राह्यल्या?”

“तिथी लोक मरतात म्हणून.”

“दवाखान्यात नाई मरत कोणी?”

“मरतात. पण औषध भेटून मरतात. तुझ्याकडे वाट पाहून मरतात.”

“चाळीस उठले माह्या हातून.”

“त्यातले तीस धामण चावलेले. तिले विष नसते, हे तुलेही माहीत आहे पोचूभाऊ.”

पोचूभाऊने मान खाली घातली. मग म्हणाला, “साप पाहून मी बारी नाई म्हणत. जो येते त्याच्यासाठी म्हणतो. एक रुपया घेतला असंल तर सांगा.”

“नाई घेतला. म्हणून तर बसून बोलते तुझ्याशी. घेत असता तर पोलिसातच दिलं असतं तुले.”

बाईंनी चहा पुढे केला. त्याने हात लावला नाही. पण जाताना म्हणाला, “तुम्ही लई वाईट बोलता.” तर बाई म्हणाल्या, “तू लई गोड गाते. तेच तर वाईट आहे.”

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. निर्जळ केला, बीपीची गोळीही घेतली नाही. दुपारी विहिरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. गिरजाबाईंनी हात धरून ओसरीवर बसवले, यंत्र लावले. नीलाबाई बेलपत्री न्यायला आल्या होत्या. त्यांच्या देखत बाई मला म्हणाल्या, “घोटभर पाण्यानं ज्याले राग येते तो देव नाई चंदाबाई, ती सासू आहे.”

माझ्या शंकराला असे कोणी म्हणावे, आणि माझ्याच ओसरीवर. नीलाबाई म्हणाल्या, “ऐकलं? हिले ठेवशील तर मंडळ या घराची पायरी नाई चढणार.” मी म्हटले, “बाई, पोळ्याच्या आधी खोली खाली करा.”

त्या म्हणाल्या, “बरं.” यंत्र गुंडाळून खोलीत गेल्या.

नंतर मी गोळी घेतली. तीर्थासोबत घेतली, म्हणजे उपास मोडला नाही असे मी ठरवले.

२९ जुलै, नागपंचमी

आज चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, माती उकरायची नाही. पोचूभाऊ सकाळपासून चिंचेखाली नव्या मुलांना बारी शिकवत होता.

गिरजाबाईंनी आज विळीला हात लावला नाही. कुकरात नुसता भात, त्यावर मीठ. माझ्यावर रुसून धड जेवत नसाव्यात. मला वाईट वाटले, पण शब्द मागे घेतला नाही.

७ ऑगस्ट, गडचिरोलीचा दवाखाना

दोन दिवस लिहिता आले नाही. आता यांना झोप लागली आहे. श्वासाची नळी काल काढली.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास हे बांधीचे पाणी फोडायला गेले होते. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर बिळाजवळ पाय पडला. नागच होता, सोबतच्या चैतूने फणा पाहिला. बाजेवर घालून लोकांनी यांना सरळ चिंचेखाली नेले. मी धावत पोचले तेव्हा बारी सुरू झाली होती. यांच्या तोंडात लाल मिरची दिली. हे म्हणाले, “तिखट नाई लागत.” तिखट लागले नाही की विष चढले असे समजतात.

गिरजाबाई आल्या, गुडघ्यावर बसल्या, यांची पापणी वर करून पाहिली. “निकेश, गाडी काढ.”

कोणी हलले नाही. का हलले नाही ते बाहेरच्याला कळायचे नाही. बारी एकदा सुरू झाली की पुरी होईपर्यंत माणसाला गावाच्या शिवेबाहेर नेत नाहीत. नेले तर नागदेवाचा शब्द मोडतो आणि विष डोक्यात जाते. हे मी सासूबाईंकडून ऐकले आहे, त्यांनी त्यांच्या सासूकडून. आमचे हे स्वतःच चिंचेची मुळी धरून म्हणू लागले, “मले नेऊ नका. बारी मोडू नका.” जीभ जड झाली होती.

“किती वेळ लागते तुझ्या बारीले?” बाईंनी विचारले.

“दिवस बुडेस्तोवर.” पोचूभाऊ दोन ओळींच्या मधे बोलला.

“याच्याजवळ दिवस नाई. एक घंटा असंल. पाहा याच्या पापण्या.”

पोचूभाऊने पाहिले. गाणे थांबवले नाही. पण गाताना तो डोळे मिटून असतो, त्या दिवशी उघडे होते आणि रस्त्याकडे लागले होते. असे का, मला कळले नाही.

बाई लोकांशी भांडल्या. कोणी ऐकेना. एकजण म्हणाला, “तुमच्या बापाचं काय जाते, तुम्ही तर कशालेच नाई मानत.” मग त्या उठून माझ्याजवळ आल्या. हळू बोलल्या, “चंदाबाई, माझं कोणी नाई ऐकणार. मी न मानणारी. तुमचं ऐकतील.”

मी काय केले ते जसेच्या तसे लिहिते. पोचूभाऊजवळचा तांब्या उचलला. ओंजळीत पाणी घेतले. सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, “शीव ओलांडल्याचा दोष, बारी मोडल्याचं पाप, सगळं माझ्या माथ्यावर. यांच्यावर नाई, पोचूभाऊवर नाई, गावावर नाई.” आणि पाणी सोडले. अठ्ठावीस वर्षं मी या गावात सोमवार, एकादशी, चतुर्थी करते. माझ्या पाण्याला लोकांनी मान दिला. यांचा हात मुळीवरून मीच सोडवला.

बाई म्हणाल्या, “आणि बारी मोडायची कशाले? गाडीत म्हण, पोचूभाऊ.”

“गाडीत झील कोण धरंल? एकट्याची बारी उतरत नाई.”

“मी धरते. नऊ वर्षं उपकेंद्राच्या खिडकीतून तुझ्या बापाची ऐकली. सगळी पाठ आहे.”

पोचूभाऊने पुढे होऊन यांचे पाय उचलले.

गाडीत हे कुशीवर, डोके माझ्या मांडीवर. शिवेचा दगड आला आणि पोचूभाऊचा आवाज अडकला. गाडीत नुसता इंजिनाचा आवाज. तेवढ्यात बाईंनी ओळ उचलली, “उतर बापा, आल्या वाटेनं उतर.” सूर नाही, ताल नाही, बाजारात भाव सांगावा तसा आवाज. पोचूभाऊने डोळे पुसले आणि पुढची ओळ घेतली. दगड मागे गेला.

मी मनात ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत होते. बाईंची बोटे यांच्या मनगटावर, कान यांच्या नाकाशी, आणि तोंडाने झील. त्याच चालीत मधेच म्हणाल्या, “निकेश, खड्डे चुकव बापा.” हे आधी तडफडत होते, ते बारी ऐकून निपचित पडले. व्याहाड गाव मागे पडल्यावर बाईंनी झील सोडली. यांची हनुवटी वर उचलून धरली आणि पोचूभाऊला म्हणाल्या, “तू म्हणत राह. त्याले ऐकू येते.” वैनगंगेच्या पुलावर यांचा श्वास मला दिसेना. बाईंनी तोंडाला तोंड लावून श्वास दिला, पूल संपेपर्यंत, आणि पुढेही.

दवाखान्यात आत नेले. वीस बाटल्या औषध गेले. पोचूभाऊ फाटकाजवळ बसून बारी म्हणत राहिला. पहारेकऱ्याने दोनदा उठवले. बाईंनी जाऊन काय सांगितले कोण जाणे, मग त्यानेच बसायला पोते दिले. दिवस बुडाला तेव्हा बारी पुरी झाली.

९ ऑगस्ट

आज राखीपौर्णिमा. गिरजाबाई एसटीने आल्या. माझे लुगडे, माझ्या गोळ्या आणि देवघरातल्या अंगाऱ्याची पुडी घेऊन आल्या. अंगारा मी मागितला नव्हता.

पोचूभाऊही आला होता. चहाच्या टपरीवर दोघे एका बाकावर बसून भांडत होते. हा म्हणे बारीने उतरले. त्या म्हणत, “सुईनं.” हा म्हणे, “मग तुम्ही झील काऊन धरली?” त्या म्हणाल्या, “धनराजभाऊ घाबरला होता. घाबरला का रगत धावते, सोबत विष धावते. तुझ्या आवाजानं तो निजला.” पोचूभाऊ हसला, “म्हणजे उतरलंच ना.” बाईंनी कपाळाला हात लावला. चहा मात्र आज त्याने घेतला.

संध्याकाळी मी बाईंना मनातले सांगितले. हे वाचले, पण शिवेचे पाप मी घेतले आहे, ते कुठे फिटणार? झोप लागत नाही. मला वाटले, आता हसतील.

हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अर्धं माझ्या नावानं लिहा.”

“तुम्ही तर मानत नाई.”

“नाई मानत. पण तुम्ही मानता ना. वजन तर तुम्हालेच होऊन राह्यलं.” आणि माझी गोळी काढून हातावर ठेवली.

मी त्यांना सांगणार होते की खोलीचे बोलणे विसरून जा. तेवढ्यात डॉक्टर आले आणि राहून गेले.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज घरी आलो. हे काठी धरून चालतात. अंगण झाडलेले, सडा टाकलेला. मागच्या खोलीला कडी. उघडली तर आत काही नाही. किल्ली खिळ्याला. शेजारची पुनम म्हणाली, “बाई काल गेल्या, अहेरीले बहिणीकडे. तुमच्या गाई त्यांनीच पाहिल्या इतके दिवस.”

न सांगता गेल्या. मी त्यांना पोळ्याआधी म्हटले होते, पोळ्याला अजून नऊ दिवस आहेत. एवढी कसली घाई. राग धरला असावा.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मंडळ आले. हे उठले म्हणून नीलाबाईंनी स्वतः होऊन आमच्याकडे भजन ठेवले. फार चांगले झाले. नीलाबाई मला मिठी मारून रडल्या, खरेच रडल्या. मग म्हणाल्या, “मीच सांगितलं सिस्टरले. म्हटलं, चंदाच्या तोंडून ‘जा’ आता निघणार नाई, आणि तुम्ही आहात तवरक बाया या घरी यायच्या नाई. तिच्या घरी देवाचं नाव व्हायला पाहिजे आता.”

मी विचारले, “मग? काय म्हणाल्या त्या?”

“काय म्हणणार. ‘बरं’ म्हणाली.”

मी आरतीचे ताट खाली ठेवले. नीलाबाईंवर रागावता येईना. माझ्याच ओसरीवर माझेच शब्द होते, त्यांनी फक्त तारीख अलीकडे ओढली.

१७ ऑगस्ट

आज सकाळी झाडूभाऊच्या सुनेला, करिश्माला, निंदताना साप चावला. पोचूभाऊने तिला चिंचेखाली थांबूच दिले नाही. स्वतः जाऊन निकेशला उठवून आणले आणि गाडीत बसला. मग माझ्या दारात येऊन म्हणाला, “चंदाबाई, झील धरा.” मी गेले. शीव ओलांडताना या वेळी भीती वाटली नाही, कोणी पाणीही सोडले नाही.

पोर वाचली. पण मधे तिचा श्वास बारीक झाला, ते मला कळले नाही. मी ओळच आठवत बसले होते. निकेशने आरशात पाहून ओरडून सांगितले, तेव्हा मी तिची हनुवटी उचलली.

आल्यावर गिरजाबाईंना फोन केला. “भाऊ बरे आहेत ना?” हो म्हटले. “गोळी घेता ना?” हो म्हटले. “बरं,” म्हणाल्या आणि ठेवला. पुन्हा लावला तरी तेच. फोनवर ‘बरं’ म्हणून सुटता येते. म्हणून पत्र लिहायचे ठरवले.

१९ ऑगस्ट

पाकीट आणले. पत्र आज टाकले. नक्कल इथे ठेवते.

“गिरजाबाईंना नमस्कार.

देवाच्या कृपेने यांची तब्येत सुधारत आहे. तुमच्या सुयांनीही, हे तुमच्या समाधानासाठी लिहिले नाही, खरे म्हणून लिहिले. काठी सुटली.

खोली खाली करा असे मी रागात बोलले होते. ते माझे शब्द मी परत घेते. मंडळाला विचारले नाही. विचारणारही नाही. नीलाबाईंना कळवले आहे की भजन आले तर देवघराचे आणि मागच्या खोलीचे, दोन्ही दारे उघडी राहतील, नाही आले तर मी एकटी म्हणेन. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. काल विरजण मागायला आल्या.

तुम्ही देव मानू नका, मी मागणार नाही. मी सोमवार सोडणार नाही, गोळी मात्र घेते. माझ्या शंकराला सासू म्हटले ते मी विसरले नाही. तुम्ही आल्यावर त्यावर भांडायचे आहे.

करिश्माचे पुनमने तुम्हाला सांगितलेच असेल. त्या दिवशी मी झील धरली. सूर तुमच्यापेक्षा बरा लागला. पण पोचूभाऊ म्हणतो, नर्सबाई बेसूर आहे, तिच्या बोटाले मात्र कळते. मला नाडी पाहता येत नाही. धानात निंदण चालू आहे, साप निघत आहेत. तुम्ही येऊन आधी मला नाडी पाहायला शिकवा. मग राहायचे की जायचे ते ठरवा.

पाप अर्धे तुमच्या नावाने लिहिले आहे. ते असे मधेच सोडून जाता येत नाही.

अहेरीहून कोणत्या गाडीने येता ते उलट टपाली कळवा. निकेश सावली गावच्या स्टँडवर उभा राहील. नुसते ‘बरं’ लिहू नका, गाडीची वेळ लिहा.

— चंदा”